आठ फुटांवरची अचूकता

रायफल विकत घेणाऱ्यांमध्ये एक वाद कधी मिटत नाही. अचूकतेसाठीच घडवलेली, जाड नळीची, दुर्बीण बसवलेली जड रायफल घ्यावी, की चार चौघांकडे असते तशी साधी शिकारी रायफल? पहिल्या बाजूचे लोक कागदी लक्ष्य पुढे करतात: शंभर यार्डांवरून पाच गोळ्या मारल्या आणि पाचही इंचभराच्या वर्तुळात बसल्या. दुसऱ्या बाजूचे विचारतात, ही तोफ डोंगरावर कोण वाहून नेणार? दोघांचंही म्हणणं खोटं नाही, म्हणून वाद चालत राहतो. या वादावर मला ठाऊक असलेलं सर्वांत चांगलं भाष्य शस्त्रांवरच्या पुस्तकात नाही. ते शिकारी जिम कॉर्बेटच्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’मध्ये, ‘चौगढचे वाघ’ या प्रकरणाच्या शेवटच्या काही पानांत आहे. पुस्तक 1944 साली मुंबईतून, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या इथल्या शाखेने काढलं. थरारक शिकारकथा म्हणून ते तेव्हापासून वाचलं जातं. शस्त्राच्या निवडीचा निबंध म्हणून मात्र ते फारसं कुणी वाचत नाही.

प्रसंग 11 एप्रिल 1930 चा. डिसेंबर 1925 ते मार्च 1930 या काळात चौगढच्या या नरभक्षक वाघांनी घेतलेल्या बळींची सरकारी यादी चौसष्टवर गेली होती. कॉर्बेट तिसऱ्यांदा या भागात आला होता, आणि दोन माणसं बरोबर घेऊन जंगलात उतरला होता. वाटेत वाळूच्या एका घळीत त्याला रातव्याची दोन अंडी दिसली. नेहमीची असती तर तो कदाचित पुढे गेला असता, पण ही चमत्कारिक होती: एक लांबट, टोकदार, आणि दुसरं गोटीसारखं गोल. कॉर्बेटला अंडी जमवण्याचा नाद. त्याने ती उचलली आणि फुटू नयेत म्हणून थोडं शेवाळ भोवती घालून डाव्या हाताच्या ओंजळीत धरली.

इथे पहिल्यांदा वाचणारा जरा अस्वस्थ होतो. माणसं खाणारी वाघीण आसपास आहे, गोष्ट शेवटाकडे आली आहे, आणि हा गृहस्थ पक्ष्याच्या अंड्यांचे आकार सांगत बसला आहे! कॉर्बेटची कारागिरी अशा ठिकाणी दिसते. अंड्यांचं वर्णन तो घाईत उरकत नाही. शेवाळसुद्धा सांगतो. छंदिष्टाचा हा फाटा वाटतो तितका निरुपद्रवी नाही, हे वाचकाला पुढच्या पानावर कळतं. त्या एका ओळीने कॉर्बेटने आपला डावा हात गोष्टीतून काढून घेतलेला असतो. आता तो एकहाती आहे आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागलेला नाही.

घळीचे काठ उंच होत जातात. पुढे एक गुळगुळीत कडा लागतो. रायफल माणसांकडे देऊन कॉर्बेट घसरत खाली उतरतो, आणि मागोमाग ती दोघं उडी टाकून येतात ती घाबरलेलीच. वाघाचा आवाज ऐकला का, असं ती विचारतात. कपडे दगडाला घासण्याच्या आवाजात कॉर्बेटला तो ऐकू आलेला नसतो. रायफल परत हातात येते. पुढे दोन फूट जाडीचा, पाटीसारखा उभा खडक. त्याला वळसा घालून कॉर्बेट पलीकडे पाऊल टाकतो, उजव्या खांद्यावरून मागे पाहतो, आणि नजर थेट वाघिणीच्या तोंडावर पडते. पुढचे पंजे पसरलेले, मागचे पाय अंगाखाली घेतलेले. अंतर आठ फूट.

या क्षणी कॉर्बेटने आपल्याला जी माहिती दिली आहे ती शस्त्राची आहे, भीतीची नाही. रायफल उजव्या हातात, छातीवर तिरपी. सुरक्षेचा खटका उघडा. नळीचं तोंड वाघिणीपासून पार उलट्या दिशेला. ते तिच्यावर यायचं तर पाऊण वर्तुळ फिरायला हवं, तेही एका हाताने, आणि ती दचकणार नाही इतक्या हळू. मग ते फिरणं सुरू होतं. पाव वर्तुळ झाल्यावर दस्ता त्याच्याच कुशीला अडतो. हात लांबवावा लागतो. दस्ता मोकळा होतो, नळी पुढे सरकते. हात पूर्ण ताणला जातो आणि रायफलचं वजन जाणवू लागतं. वाघिणीने त्याच्या डोळ्यांवरची नजर काढलेली नाही. तिच्या चेहऱ्यावर त्याला हसू दिसतं, बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या धन्याला पाहून कुत्र्याच्या चेहऱ्यावर असतं तसं.

या परिच्छेदाची चाल पाहण्यासारखी आहे. एरवी कॉर्बेट ‘मी’ने भरलेली वाक्यं लिहितो: मी चढलो, मी थांबलो, मी ऐकलं. इथे तो ‘मी’ मागे पडतो. आता हलतात ते दस्ता, नळी, हात. आपल्या शरीराचा एक भाग आपल्याला परका झाला आहे आणि त्याच्याकडे आपण बाहेरून पाहतो आहोत, असं हे लेखन आहे. किती वेळ लागला ते सांगता येणार नाही, असं तो कबूल करतो. हाताला लकवा भरला आहे आणि हे फिरणं कधी संपणारच नाही, असं त्याला वाटत होतं. आणि मग नळी तिच्या अंगावर आल्याबरोबर चाप. वाघीण हलत नाही. मग तिचं डोकं सावकाश पंज्यांवर टेकतं. गोळीने कण्याला इजा केलेली असते आणि हृदयाचा वरचा भाग फोडलेला असतो.

आता नेमबाजीच्या हिशोबाने या गोळीकडे पाहू. शंभर यार्डांवर एका इंचात गोळ्या बसवणारी उत्तम रायफल आणि चार इंचांत विखुरणारी सामान्य रायफल, यांच्यातला फरक आठ फुटांवर किती उरतो? विखुरणं अंतराच्या प्रमाणात कमी होतं. म्हणजे पहिलीचं पाऊण मिलिमीटरहून कमी, दुसरीचं पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास. वाघिणीच्या हृदयाला हा फरक कळणार नाही. नळीवर दुर्बीण असती तर तिच्यातून धुरकट पिवळेपणाखेरीज काही दिसलं नसतं. आणि दुर्बीणच कशाला, साध्या माशीचाही इथे उपयोग झाला नाही. रायफल डोळ्यासमोर आलीच नव्हती. ज्या गुणासाठी लोक दुप्पट-तिप्पट पैसे मोजतात, त्या गुणाची इथे गरज शून्य होती. गरज होती ती एका हाताला पेलण्याची.

हे मी माझ्या पदरचं म्हणत नाही. कॉर्बेटनेच ते लिहून ठेवलं आहे, आणि या पानांचा कळस मला गोळी सुटते तिथे वाटत नाही, तो त्यानंतरच्या हिशोबात आहे. शिकार संपल्यावर तो यशाची तीन कारणं क्रमाने मांडतो: डाव्या हातातली अंडी, हातातली हलकी रायफल, आणि वाघीण नरभक्षक असणं. अंडी नसती तर दोन्ही हात रायफलवर असते आणि वाघीण दिसताच आपण गर्रकन वळलो असतो. ती झेप, जी आपल्या न हलण्याने थांबली होती, ती मग पडलीच असती. रायफल हलकी नसती तर हात लांबवून ती तशी फिरवणं आणि झाडणं जमलं नसतं. आणि वाघीण साधी असती तर कोंडीत सापडल्याबरोबर वाट काढताना तिने आपल्याला बाजूला उडवलं असतं. माधोसिंग नावाच्या त्याच्या माणसाला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटत होतं की अंडी टाका आणि दोन्ही हातांनी रायफल धरा. तो ओरडला नाही, हे चौथं कारण मानायला हरकत नाही.

या यादीत जे नाही ते महत्त्वाचं. त्यात कॉर्बेटचा नेम नाही. धैर्य नाही. चार दशकांहून अधिक काळाचा जंगलाचा अनुभव नाही. ज्याने लहानपणीच फुटक्या नळीच्या, तारेने दस्ता बांधलेल्या ठासणीच्या बंदुकीवर हात बसवला, नैनितालच्या कॅडेटांत मार्टिनी रायफल झाडली, तो माणूस आपलं कसब हिशोबातून वगळतो आणि अंड्यांना पहिला क्रमांक देतो. हा विनय आहेच, पण नुसता विनय म्हणून सोडून देता येणार नाही. ज्याला कसब आहे त्याला ते गृहीत असतं. प्रसंगागणिक बदलतात ती अंतरं, हातातली वजनं आणि योगायोग, म्हणून तो त्यांची नोंद करतो. रायफलचं वजन त्याच्या यादीत योगायोगांच्या रांगेत बसलं आहे, कारण त्या सकाळी दुसरी, जड रायफल उचलली असती तर त्याच्या मते तो परतला नसता.

ही हलकी रायफल म्हणजे लंडनच्या जॉन रिग्बी आणि कंपनीची .275. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांच्याकडून ती 1907 साली भेट मिळाली. या जातीच्या रायफली साडेतीन किलोच्या आसपास असतात. तिच्या पोटातली यंत्रणा जर्मन माउझरची, आणि काडतूसही मुळात माउझरच्या लष्करी रायफलचं, सात मिलिमीटरचं. इंग्रजांनी त्याला इंचातलं नाव दिलं. म्हणजे सैनिकांसाठी जुळवलेली गोष्ट बारीक करून, अक्रोडाचा दस्ता लावून शिकाऱ्याच्या हातात आली. प्रवास उलटाही होतो. अमेरिकन मरीन सैनिकांची एम 40 ही नेमबाजांची रायफल 1966 साली घेतली गेली ती रेमिंग्टन 700 या दुकानात मिळणाऱ्या शिकारी रायफलवरून. ‘खास अचूकतेची’ आणि ‘साधी’ ही दोन घराणी वाटतात तितकी वेगळी नाहीत. त्यांच्यात जुनी सोयरीक आहे. फरक पडतो तो पुढे काय वाढवलं आणि काय तासलं यात.

वाढवलं काय जातं? नळीची जाडी. लागोपाठ गोळ्या सुटल्या की नळी तापते, बारीक नळी लवकर वाकडं बोलू लागते; जाड नळी वीस गोळ्यांनंतरही बऱ्यापैकी शहाणी राहते. वजन. जड रायफल कमी हादरते, धक्का कमी देते, श्वासाने कमी डुलते. गालाखाली, खांद्यामागे हवा तसा सरकणारा दस्ता. याचं शुद्ध रूप पाहायचं तर ऑलिम्पिकच्या मैदानात पाहावं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसला 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवलं ते पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात. तिथे दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं, रायफल आठ किलोपर्यंत जड चालते, आणि गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून, त्याच अंतरावरच्या त्याच लक्ष्यावर, गोळीमागून गोळी मारायची असते. तिथे कॉर्बेटची रिग्बी घेऊन कुणी उभा राहिला तर पहिल्याच फेरीत घरी जाईल. अंतर ठरलेलं, उजेड पुरेसा, दोन्ही हात मोकळे आणि गोळ्या अनेक, अशा ठिकाणी त्या आठ किलोंतला प्रत्येक ग्रॅम कामाला येतो.

शिकाऱ्याच्या वाट्याला बहुधा एकच गोळी येते, तीही थंड नळीतून. दिवसभर खांद्यावर वागवलेल्या रायफलने, धापा टाकत, अंदाजाने ठरवलेल्या अंतरावर. त्याच्या नळीने दहावी गोळी कुठे टाकली असती हा प्रश्नच उद्भवत नाही. त्याला हवी असते ती एवढीच खात्री, की पहिली गोळी कालच्यासारखीच आजही जाईल. म्हणून लाकडी दस्त्याच्या जमान्यात जाणते शिकारी पावसाळ्यानंतर रायफल पुन्हा तपासून घेत. ओल धरलेलं लाकूड नळीला रेटलं की नेम सरकतो.

पण हलकी ती चांगली, असा सोपा निष्कर्ष कॉर्बेटवरून काढता येणार नाही. त्याच पुस्तकातली दोन प्रकरणं तो काढू देत नाहीत.

पहिलं चंपावतचं. 436 बळींची ही वाघीण त्याने 1907 साली मारली तेव्हा हातात .500 ची जड दुनळी रायफल होती आणि खिशात फक्त तीन काडतुसं. दोनच गोळ्या झाडायची संधी मिळेल आणि तिसरी अडचणीला, असा त्याचा हिशोब. तिन्ही संपली. वाघीण जखमी, पण उभी. मग तो धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेऊन आला. पाहतो तर नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यामध्ये इंचाच्या तीन अष्टमांश एवढी फट! गोळी सुटताना हीच बंदूक आपला जीव घेईल की काय, असा विचार करत त्याने वीस फुटांवरून वाघिणीच्या उघड्या तोंडावर नेम धरला. गोळी लागली उजव्या पंज्याला, आणि तीही इतकी वरवर, की पुढे त्याने ती नखांनी उकरून काढली. आधीच्या जखमांनी वाघीण संपत आली होती म्हणून निभावलं. हा प्रसंग तो हसत हसत सांगतो, पण त्यातला इशारा खरा आहे. वीस फूट म्हणजे अंतर नव्हेच, तरी तिथे बंदुकीने दगा दिला. साधेपणालाही एक खालची मर्यादा असते. त्या मर्यादेखालचं हत्यार साधं राहत नाही, ते निरुपयोगी होतं.

दुसरं ठाकचं, 1938 च्या नोव्हेंबरमधलं, त्याच्या शेवटच्या नरभक्षकाचं. मावळत्या उजेडात तो वाघाची हाक घालून वाघिणीला स्वतःकडे बोलावतो, एका खडकावर अवघड बसून. या वेळी हातात .450/400 ची जड दुनळी. इथे वाघीण समोरून चालून येणार हे ठरलेलं होतं, हात दोन्ही मोकळे होते, आणि दुसऱ्या गोळीसाठी खटका ओढत बसायला सवड नव्हती. अशा वेळी जड गोळी आणि शेजारी तयार असलेली दुसरी नळी हाच शहाणपणा. धक्क्याने तो मागे, खाली बसलेल्या सोबत्यांच्या अंगावर कोसळतो. चौगढच्या घळीत हीच रायफल असती तर? कॉर्बेटचं उत्तर आपण वाचलंच आहे.

आणि तिसरी एक गोष्ट, खुद्द चौगढच्याच प्रकरणातली, जी अचूकतेच्या भक्तांनी सावकाश वाचावी. आदल्या वर्षी, 1929 च्या एप्रिलमध्ये, कॉर्बेटला म्हातारी वाघीण आणि तिचं मोठं झालेलं पिल्लू एकत्र सापडली होती. त्याने फिकट रंगाचं जनावर म्हातारं समजून त्यावर गोळी घातली. नेम उत्कृष्ट. मेलं ते पिल्लू. या चुकीची किंमत पुढच्या बारा महिन्यांत पंधरा माणसांनी दिली, असं तो स्वतः लिहितो, आणि ते वाक्य सबबीशिवाय लिहितो. त्या दिवशी जगातली सर्वांत अचूक रायफल हाती असती तर तिने पिल्लूच अधिक अचूकपणे मारलं असतं. कागदी लक्ष्यावर मधला ठिपका कोणता हे आधीच छापलेलं असतं. रानात ते ठरवायचं काम माणसाकडे उरतं, आणि ते कुठल्याही कारखान्याला नळीत ओतता येत नाही.

हलक्या .275 चा आणखी एक भक्त होता, ‘कारामोजो’ बेल. आफ्रिकेत त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतले बरेचसे या छोट्या काडतुसाने. त्या आकड्याचा आज अभिमान वाटणार नाही, पण पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. त्याने हत्तीच्या कवट्या करवतीने उभ्या कापून मेंदूची जागा अभ्यासली, आणि मग गोळी जिथे हवी तिथेच टाकली. त्याची अचूकता त्या अभ्यासात होती. रायफल फक्त आड येत नव्हती.

कॉर्बेटची रिग्बी पुढे त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे राहिली, आणि अलीकडे तिच्या निर्मात्यांनी ती परत मिळवली. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारी रायफलचं रानातलं काम थांबवलं, आणि ते बरंच झालं. इथल्या नव्या नेमबाजाने जड, खास घडवलेली रायफलच घ्यावी, कारण त्याचं अंतर पन्नास मीटर आहे आणि ते उद्याही पन्नास मीटरच असणार. जिथे शिकार अजून कायदेशीर आहे तिथला माणूस मात्र दुकानात रायफल दोन्ही हातांनी खांद्याला लावून, स्थिर उभा राहून पाहतो, आणि अर्थातच जड रायफल त्याला अधिक भरवशाची वाटते. कॉर्बेट वाचलेल्या माणसाने ती एका हातात धरून हात पुढे लांबवावा, तिरपं उभं राहावं आणि नळी सावकाश फिरवून पाहावी. आपला सर्वांत वाईट क्षण जी रायफल सोसू शकेल तीच आपली. चांगल्या क्षणांना कुठलीही चालते.